ताईंच्या खात्यावर

वाचनालयाचं सभासद व्हायचं तर अर्जावर पत्ता लिहावा लागतो, ओळख म्हणून एखाद्या जुन्या सभासदाची सही लागते आणि अनामत भरावी लागते. तिन्ही मागण्या रास्त आहेत. पुस्तक दाराबाहेर गेलं की ते परत आणायला कुणाला तरी धरता यायला हवं. मी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात केली. तारण कशासाठी मागतात आणि जामीनदार कशासाठी, हे मला कुणी समजावायला नको. पण निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको वर्षातले बरेच महिने गाडीत राहू लागलो आणि वाटेतल्या गावांत या अर्जाचा पहिलाच रकाना मला भरता येईना. आज दापोली, परवा गुहागर, त्यापुढचं पाऊस आणि रस्ता ठरवणार. अशा माणसाला पुस्तक कोण देईल?

एका बाईंनी दिलं. स्वतःच्या नावावर लिहून दिलं. दापोली आणि खेड यांच्या मधल्या एका गावात त्या वाचनालय चालवतात. नाव छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

आधी गाडीविषयी थोडं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आम्ही तिच्या सीटा काढल्या, आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि छपरावर सोलर पॅनेल बसवून घेतलं, बदलांची नोंद आरटीओत केली. हे सगळं ह्यांचं खातं. माझ्या वाट्याला पलंगाखालची जागा आली, त्यात भाजीबाजारात मिळतात ते प्लॅस्टिकचे दोन क्रेट. एका क्रेटमध्ये चाळीसेक पुस्तकं बसतात आणि तो वीस किलोच्या घरात जातो. वजन खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवायचं, हे पहिल्याच घाटात कळतं. डोक्याच्या वर फळी ठोकून तिच्यावर पुस्तकं मांडली तर ताम्हिणीच्या वळणांवर ती खाली येतात. आडवी पट्टी लावली तरी जाड ग्रंथ तिला जुमानत नाहीत. क्रेटचा आणखी एक गुण म्हणजे त्याला भोकं असतात. कोकणात पुस्तकाचा खरा शत्रू दमट हवा. बंद खोक्यात ठेवलेल्या पुस्तकाला आठवड्याभरात वास येतो, मग पांढरी बुरशी, मग कसर. मी क्रेटच्या तळाशी वेखंडाचे तुकडे ठेवते, आणि ऊन असेल त्या दिवशी पुस्तकं सावलीत उभी करून त्यांना वारा देते.

मोबाइलवर आणि किंडलवर मी वाचते, आवडीने वाचते. रात्री दिवा न लावता वाचता येतं आणि डोळ्यांना अक्षर मोठं करता येतं, ही साठीच्या माणसाला मोठी सोय आहे. पण मला हवी असलेली बरीचशी मराठी पुस्तकं तिथे नाहीत, आणि खाडीकाठच्या गावांत अनेकदा रेंजही नसते.

पुण्याहून निघताना भरलेले क्रेट लवकर आटोपतात. मग शोध सुरू होतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मासिकं, कोडी आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळतात, कादंबरी क्वचित. रद्दीच्या दुकानात नशीब असेल तर पुष्कळ मिळतं. विशेषतः दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दर दिवाळीला एवढं लिहिलं आणि छापलं जातं, की जुने अंक किलोवर विकले जाताना पाहून पोटात तुटतं. प्रवासात मात्र त्यांच्यासारखं वाचन नाही. हलके, कुठूनही उघडता येतात, आणि वाचून झाल्यावर चहाच्या टपरीवर ठेवले की दुसरा कुणी उचलतो. तरीही रद्दीत जे मिळेल त्यावर भूक भागवायची आणि जे वाचायचंय ते मागून मिळवायचं, यांत फरक आहे. मागायला माणूस लागतो.

ताईंची गाठ पाण्यामुळे पडली. गाडीची टाकी रिकामी झाली होती आणि वाचनालयाच्या ओट्याला लागून नळ होता. मी विचारायला आत गेले. एक मोठी खोली, भिंतीशी लोखंडी कपाटं, मधल्या टेबलावर वर्तमानपत्रं, आणि खुर्चीत पुठ्ठ्याला कागद चिकटवत बसलेल्या ताई. “भरा की पाणी,” त्या म्हणाल्या, “आणि वाचायला काय आहे गाडीत?” हे विचारणारं माणूस मला वाटेत पहिल्यांदाच भेटत होतं. गाडी पाहून लोक विचारतात झोपता कुठे, संडासचं काय, मुलांना चालतं का. वाचता काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, आता काही उरलं नाही. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. मी श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ काढली. 1987 साली आलेली ही दोन खंडांची कादंबरी मी फार पूर्वी घाईघाईत वाचली होती. खोतांच्या चार पिढ्यांची ती कथा खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी घडते, आणि जगबुडी आमच्या पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर होती. पण सकाळी आम्ही निघणार होतो. सभासद नाही, पत्ता नाही. मी खंड परत ठेवायला लागले तेव्हा ताईंनी तो हातातून घेतला, मागच्या तारीखपट्टीवर शिक्का मारला आणि देवघेवीच्या वहीत स्वतःच्या नावापुढे दाखल क्रमांक लिहिला.

“माझ्या खात्यावर नेताय. एका वेळी एकच मिळतं, दुसरा खंड नंतर.”

“नंतर कुठे? आम्ही चिपळूणला जाणार.”

“मग चिपळूणला.”

त्या आपल्याच वाचनालयाच्या रीतसर सभासद आहेत, वर्गणी भरतात. पुस्तक हरवलं तर किंमत त्यांना भरावी लागली असती. त्यांना मिळणारा पगार पुढे मला कळला. त्या रकमेत ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड विकत घेणं ही सहज गोष्ट नव्हती. नोकरीत मी कित्येक जामीनदारांच्या सह्या घेतल्या आहेत. ते भाऊ असत, व्याही असत, एका कार्यालयातले सहकारी असत. अर्ध्या तासाच्या ओळखीवर सही करणारं माणूस माझ्या टेबलासमोर कधी आलं नाही.

पहिला खंड मी जगबुडीच्या काठाने वाचला. पुस्तकातली नदी समोर असताना वाचन हळू होतं. भरती-ओहोटीचं, होड्यांचं, आंब्या-फणसांचं, जुन्या घरांचं एखादं वाक्य आलं की मान वर होते. ह्यांना मी त्यातली पानं मोठ्याने वाचून दाखवत असे. ते स्वतः कादंबऱ्या वाचणारे नाहीत, पण दुसरा खंड केव्हा येणार हे मला दोनदा विचारून झालं होतं.

तो एसटीने आला. कोकणात एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती औषधं जातात, डबे जातात, विसरलेले चष्मे जातात. ताईंनी खंड वर्तमानपत्रात बांधून गावावरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला आणि मला गाडीची वेळ कळवली. चिपळूणच्या स्टँडवर मी पहिला खंड कंडक्टरच्या हाती ठेवला आणि दुसरा घेतला. कंडक्टर म्हणाले, “ताईंचं पुस्तक आहे, पानं दुमडू नका हं.” पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला.

त्याच दिवशी चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाहिलं. 1864 सालची संस्था. 2013 मध्ये चिपळूणला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. जुलै 2021 च्या महापुरात वाचनालयात पाणी शिरलं आणि ग्रंथांचं फार नुकसान झालं. पाण्याखाली गेलेल्या गावात आधी घरं, दुकानं सावरायची असतात. अशा वेळी वाचनालयही पुन्हा उभं करायला घेणारी माणसं ज्या गावात आहेत, त्या गावाविषयी मला फार आदर वाटतो.

दुसरा खंड संपत आला तेव्हा मी फोन केला: परत कसा पाठवू? ताईंनी उलट विचारलं, “पुढे कुठे?” गुहागर, मग दाभोळची खाडी, मग जयगडकडे, असा आमचा बेत ऐकून त्यांनी तिकडच्या एका वाचनालयातल्या गुरुजींचा नंबर दिला. “त्यांना माझं नाव सांगा. खंड त्यांच्याकडे ठेवा, मी मागवून घेईन. आणि पुढचं पुस्तक त्यांच्याकडून न्या.” गुरुजींनी माझं नावही विचारलं नाही. ताईंनी पाठवलंय एवढं पुरलं. त्यांच्या वहीत माझ्या पुस्तकापुढे ताईंचं नाव लागलं, आणि त्यांनी मला पुढच्या गावचा नंबर दिला.

अशी ती वाट पुढे चालत गेली. धोपाव्याची फेरीबोट, तवसाळची फेरीबोट, गाडी बोटीवर चढवून मी आत पलंगावर वाचत बसलेली. मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी, त्यांचं स्मारक आहे तिथे एक दुपार. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. त्या वेळी पुण्यात पेशवाई संपून जेमतेम दहा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की रत्नागिरीकरांच्या पूर्वजांना हात जोडावेसे वाटतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळापासून थोड्या अंतरावर गाडी उभी करून जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचलं. आरवली हे दळवींचं गाव. देवाला वाहिलेल्या भल्या मोठ्या चपला पाहून आले आणि पुस्तक उघडलं, तेव्हा त्यातली माणसं ओळखीची वाटली. सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर, 1852. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात पोर्तुगीज अमलात 1832 मध्ये झाली आणि ज्याला सोळाव्या शतकात श्रीकृष्णाची कथा लिहिणाऱ्या केळोशीच्या ग्रंथकाराचं नाव आहे. ही मोठी ग्रंथालयं पाहताना मान आपोआप लवते. पण मला घरचं मानून पुस्तकं हाती दिली ती मधल्या लहान लहान वाचनालयांनी, आणि प्रत्येक ठिकाणी खातं कुणाचं तरी होतं.

एकदा त्या खात्यावर संकट आलं. घाट उतरताना मुसळधार पाऊस लागला आणि छपराच्या झडपेचं रबर फाटून पाणी थेट पलंगावर पडलं. उशाशी ठेवलेलं वाचनालयाचं पुस्तक भिजून दुप्पट जाड झालं. सावंतवाडीत एका वयस्क बाइंडरांनी ते वाचवलं. त्यांनी मला शिकवलं ते लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. भिजलेलं पुस्तक उघडायचा हट्ट करायचा नाही, पानं फाटतात. ते उभं करून पानं अलगद पसरायची, मधूनमधून कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. उन्हात कधीच ठेवायचं नाही. सावली आणि पंख्याचा वारा. थोडी ओल उरली की सपाट वजनाखाली दाबायचं. गुळगुळीत आर्टपेपरची पानं असतील तर घाई करायची, कारण ती एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. त्यांनी कण्याला नवं कापड लावून दिलं. मी ताईंना फोन करून सगळं सांगितलं, किंमत भरायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, “काकू, कोकणात पुस्तक भिजलं तर त्यात धरायचं काय? पान उलटतंय ना? मग वाचा आणि पुढे द्या.”

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याकडे थांबले, तेव्हा वाचनालय कसं चालतं ते बसून पाहिलं. ते ‘ड’ वर्गातलं आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार. ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान पाच आकड्यांत संपतं. त्यातूनच ग्रंथपालाचं मानधन, नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, कपाटांची डागडुजी. हप्ता वेळेवर येईल याची खात्री नाही. हिशेब पाहणं हा माझा धंदा होता आणि मी सांगते, या आकड्यांत एक खोलीही नीट चालू शकत नाही. ती चालते कारण ताई संध्याकाळी कुलूप लावल्यावर पिशवीत चार पुस्तकं घेऊन वाडीवर जातात. ज्या म्हाताऱ्यांना चढण चढवत नाही त्यांना घरी पुस्तक देतात, जुनं परत आणतात. शाळेची मुलं शनिवारी येतात त्यांच्यासाठी त्या स्वतः गोष्टी वाचतात. अनुदानाच्या कुठल्याही तक्त्यात याला रकाना नाही.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “पुण्याला जाताय, तर मुलांची पुस्तकं आणाल का? पार्सलचा खर्च परवडत नाही.” आणि हातात यादी दिली. यादी नेमकी होती: कुठल्या वयाची, किती, कुठल्या विषयाची, अक्षर केवढं. मी अप्पा बळवंत चौकात दिवसभर फिरले, विक्रेत्यांनी यादी वाचून सवलत दिली, सोसायटीतल्या मैत्रिणींनी पैसे घातले. पुढच्या फेरीत माझे दोन्ही क्रेट त्यांच्या पुस्तकांनी भरून गेले आणि आमचे कपडे सीटवर आले. तेव्हापासून घाट उतरताना आमची गाडी रिकामी जात नाही. गुरुजींची यादी असते, वेंगुर्ल्याकडच्या एका वाचनालयाची असते, वाटेत कुणाचा बांधणीला दिलेला गठ्ठा असतो.

पुस्तकं पेटीत घालून वाचकाच्या दारी नेण्याचं काम मराठी माणसाला नवं नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं; त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या होत्या. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या आहेत. त्यांच्यापुढे आमचे दोन क्रेट काहीच नाहीत. पण ज्या वाडीवर पेटी पोचत नाही तिथे एखादी फिरती गाडी पोचते, आणि अशा गाड्या आता रस्त्यावर वाढत आहेत.

ताईंची फेड मी करू शकत नाही, आणि त्यांना ती नकोही आहे. आता मी तिथली आजीव सभासद आहे. पत्त्याच्या रकान्यात पुण्याचा पत्ता आहे आणि ओळख म्हणून सही ताईंचीच. तरी पुस्तक नेताना त्या अजून वही उघडून विचारतात, “तुमच्या खात्यावर लिहू की माझ्या?” आणि मी दर वेळी त्यांच्याच खात्यावर लिहायला सांगते.

गाडीने फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे. सुट्टीत ज्या गावी मुक्काम कराल तिथलं वाचनालय शोधा. दार उघडं असेल त्या वेळी आत जा, बसून वर्तमानपत्र वाचा, वर्षाची वर्गणी भरा; पुन्हा तिथे जाणार नसलात तरी भरा. घरातली नकोशी झालेली पुस्तकं न विचारता नेऊन टाकू नका, त्यांच्याकडे ठेवायला जागा नसते आणि नाही म्हणायचा संकोच असतो. त्याऐवजी निघण्याच्या आठ दिवस आधी तिथल्या ग्रंथपालांना फोन करा आणि विचारा: मी येतोय, गाडीत एका खोक्याची जागा आहे, तुमच्यासाठी काय आणू?